फील्डमध्ये अंघोळीचं नंतर बघू, आधी पाय दाखव

परवा भाच्याचा फोन आला. ट्रेनिंग झालं, सुट्टी संपत आली, आता पहिलीच फील्ड पोस्टिंग, आणि पोराने सगळं सोडून विचारलं काय तर "मामा, तिकडं अंघोळीचं कसं करायचं?" आईने साबणाच्या सहा वड्या भरून दिल्यात म्हणे. मी म्हटलं बाबा, चार वड्या आईला परत दे आणि त्या जागी मोजे भर.

फोनवर त्याला जे पाऊण तास सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण गावातून दरवर्षी पोरं भरती होतात आणि घरचे हाच प्रश्न विचारतात. मी १७ वर्षं इन्फंट्रीत काढली, त्यातले दहा महिने २००१-०२ ला ऑपरेशन पराक्रमच्या वेळी, म्हणजे पाकिस्तानच्या सीमेवर फौज उभी केली होती तेव्हा, राजस्थानच्या वाळूत आणि दोन हिवाळे काश्मीरमध्ये उंचावर. पराक्रमला लढाई पेटली नाही, पण कॅम्प सगळा लढाईचाच, बंकर, माइनफिल्ड, रात्री लाइट बंद, आणि पाणी ट्रॉलीने येणार तेवढंच. तिथं शिकलो की फील्डमध्ये स्वच्छतेचा क्रम घरच्यापेक्षा उलटा असतो. आधी पाय, मग संडास आणि हात, मग पाणी, मग कपडे, आणि एवढं सगळं झाल्यावर वेळ आणि पाणी उरलं तर अंघोळ. अंघोळ न करता माणूस महिना काढतो, वास येतो, मरत नाही. पण लंगरपासून, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरापासून, चाळीस पावलांवर कोणीतरी उघड्यावर बसून आला आणि माती टाकली नाही तर तीन दिवसांत अर्धी प्लाटून आडवी होते.

पोरांना वाटतं फौजेत माणूस गोळीनेच जातो. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात ब्रिटिशांचे जेवढे लढून मेले त्याच्या जवळपास दुप्पट रोगाने मेले, त्यात सगळ्यात मोठा हिस्सा टायफॉइडचा, म्हणजे घाण पाणी आणि माशा. १९४३ ला ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जखमी होऊन मागे येणाऱ्या एका माणसामागे १२० जण आजारी पडून मागे येत होते, हे तिथला सेनापती स्लिम याने स्वतः लिहून ठेवलंय. एकास एकशेवीस! शत्रूला कष्टच घ्यायला नकोत.

पाय

इथं जरा जास्त वेळ घेतो, कंटाळू नका.

पहिल्या महायुद्धात १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये चिखलाच्या खंदकात उभं राहून राहून हजारो जवानांचे पाय सुजले, निळे-काळे पडले, बोटं कापायची वेळ आली. ट्रेंच फूट म्हणतात त्याला. आपले हिंदुस्थानी जवान पण होते त्या खंदकात. लोकांना वाटतं याला बर्फ लागतो, तर नाही, शून्याच्या वर असतानाही होतं, पाय तासन्‌तास ओला आणि गार राहिला की बास. त्यावर व्हेल माशाचं तेल चोळायचे, मोजे बदलायचे, पण खरा कामाचा उपाय म्हणजे जोड्या लावल्या, तू माझे पाय बघ मी तुझे बघतो. आजही हेच करायचं. स्वतःचे पाय स्वतः बघायचा माणसाला कंटाळा येतो, पण दुसऱ्याला "दाखव रे" म्हणायला मजा वाटते.

पद्धत सांगतो. मोज्यांचे कमीत कमी तीन जोड लागतात. एक पायात, एक वाळायला, आणि एक प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेला, जो फक्त झोपताना घालायचा आणि जग बुडालं तरी चालताना घालायचा नाही. वाळायचा जोड दोरीवर टाकला तर दवाने अजून ओला होतो, त्यामुळे पिळून, झटकून बनियनच्या आत पोटाशी ठेवायचा. पहिल्या रात्री किळस येते. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरडे गरम मोजे घालायला मिळाले की किळस गेली.

बूट काढायचा एका वेळी एकच. हे उस्ताद ट्रेनिंगमध्ये शिकवतात आणि पोरं हसतात, पण स्टँड-टू झाला, म्हणजे हत्यार घेऊन जागेवर उभं राहायचा हुकूम आला, आणि दोन्ही बूट बाहेर असले की हसू कुठं जातं बघा. डावा काढा, मोजा काढा, पाय कोरड्या फडक्याने पुसा आणि बोटांच्या फटीत फडकं घालून पुसा. चौथ्या आणि पाचव्या बोटाच्या मधली फट सगळे विसरतात आणि चिखल्या नेमक्या तिथूनच सुरू होतात. पाच मिनिटं पाय उघडा ठेवा, फुट पावडर चिमूटभर, कोरडा मोजा, बूट. मग उजवा. सगळं मिळून पंधरा मिनिटं लागतात, तेवढा टाइम दिवसात मिळतो, मोबाइलला मिळतो तर पायाला पण मिळतो. आणि पावडर ओल्या पायावर टाकू नका, लगदा होतो, बोटांत पीठ मळल्यासारखं.

नखं सरळ कापायची, कोपरे गोल केले की नख मांसात घुसतं आणि मग मार्चला रडारड. फोड आला तर लहान असेल तर हात लावू नका, वर टेप चिकटवा. मोठा, पाण्याने टरटरलेला असेल आणि चालायचंच आहे तर सुई गरम करून, गार करून, कडेने टोचायचं आणि पाणी जाऊ द्यायचं पण वरची कातडी सोलायची नाही. ती कातडीच तुमची पट्टी.

वाळवंटात अजून एक, सकाळी बूट घालायच्या आधी उलटा करून दोनदा आपटायचा. आमच्या शेजारच्या बंकरमध्ये एकाने एकदाच आळस केला होता. विंचू लहानच होता, पण बाप्या रात्रभर ओरडत होता.

आता जांघेतलं. लाजायचं नाही, सगळ्यांना होतं. घाम, घट्ट चड्डी आणि दिवसभर चालणं, की जांघेत गोल लाल चट्टा, कडेने खाज. इंग्रजांच्या काळापासून याला धोबी इच नाव आहे, दोष बिचाऱ्या धोब्यावर. पोरं काय करतात तर सुट्टीवरून येताना गावातल्या मेडिकलमधून ती तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब आणतात. दोन दिवसांत खाज गायब, वाटतं जिंकलो. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, ते खाज दाबतं आणि खाली बुरशी मजेत वाढते, मग दोन महिन्यांनी कमरेपासून गुडघ्यापर्यंत नकाशा उमटतो आणि कुठलंच औषध पटकन लागू पडत नाही. एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात जा, नुसत्या बुरशीचं मलम घ्या, चट्टा गेल्यावरही डॉक्टर सांगेल तेवढे दिवस लावत रहा. चड्डी सुती, सैल, आणि रात्री शक्य असेल तर न घालता झोपा.

संडास

जेवताना वाचत असाल तर नंतर वाचा.

पानिपतावर १७६० च्या शेवटी आपली फौज, बुणगे, यात्रेकरू, बायका-पोरं, हत्ती-घोडे-बैल, सगळं एका खंदकाच्या आत दोन-अडीच महिने अडकून पडलं होतं. उपासमारीबद्दल आपण शाळेत शिकतो. पण एवढी माणसं आणि जनावरं एका जागी, बाहेर पडायची सोय नाही, मेलेली जनावरं तिथंच, तर आत काय वास असेल आणि किती हगवण असेल हे मला फील्डमध्ये गेल्यावरच डोळ्यासमोर आलं. १९१५ ला गॅलिपोलीत पण तेच, अरुंद किनारा, उन्हाळा, माशांचे थवे, आणि जुलाबाने माणसं जहाजं भरभरून मागे न्यावी लागली. तिथंही हिंदुस्थानी ब्रिगेड होती.

म्हणून कॅम्प पडला की तंबू ठोकायच्या आधी खड्डा. एक-दोन दिवस थांबायचं असेल, फार तर आठवडा, तर उथळ चर पुरतो, फूटभर रुंद, दोन-अडीच फूट खोल. रुंदी फूटभरच ठेवायची, म्हणजे दोन्ही बाजूला पाय ठेवून बसता येतं आणि कडा घाण होत नाही. उपसलेली माती मागच्या बाजूला ढिगाने, त्यात एक फावडं उभं रोवलेलं. प्रत्येकाने उठल्यावर आपापल्यावर माती टाकायची, साहेब असो की शिपाई. मुक्काम लांबला तर डीटीएल, म्हणजे खोल चर, सहा ते आठ फूट खोल, वर फळ्या, बसायच्या भोकाला झाकण, आणि झाकण नसलेल्या डीटीएलला डीटीएल म्हणू नका, ती माशांची नर्सरी आहे.

जागा ठरवताना तीन गोष्टी बघा. लंगरपासून निदान शंभर यार्ड, पाण्याच्या जागेपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला, आणि वारा लंगरकडून संडासाकडे वाहील अशी बाजू, उलटी नाही. पण फार लांबही नको, नाहीतर रात्री कोणी जात नाही, तंबूच्या मागेच उरकतात. पराक्रमच्या वेळी तर आजूबाजूला माइन्स पेरलेल्या, त्यामुळे संडासाच्या वाटेला दोन्ही बाजूंनी पांढरी टेप लावलेली असायची. आमच्यातला एक नवा पोरगा लाजून टेपच्या बाहेर बाभळीच्या आडोशाला गेला होता, नशीब बलवत्तर म्हणून परत आला, नंतर सुभेदार साहेबांनी त्याला जे सुनावलं ते इथं लिहिता येणार नाही. सांगायचं काय, तर लाज घरी ठेवून या. आडोसा पाहिजे तर पोतं बांधा, वाट सोडू नका.

चर भरत आला, वरून फूटभर राहिला की बंद करायचा. नुसती माती ढकलून नाही, थोडी माती टाकून धुम्मस मारायची, परत माती, परत धुम्मस. कारण माशीच्या अळ्या मोकळ्या मातीतून वर सरपटत येतात, घट्ट दाबलेल्यातून येणं अवघड. वर पाटी लावा तारखेसकट, नाहीतर पुढच्या महिन्यात दुसरी पार्टी येऊन बरोबर तिथंच खड्डा खणते. हसू नका, झालंय.

हात धुवायची बाटली

हे एकदा करून बघाच. एक लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, तळापासून दोन बोटं वर गरम सुईने एकच भोक पाडा, पाणी भरा, झाकण घट्ट लावा, आणि संडासाच्या बाहेर खुंटाला उभी बांधा. झाकण घट्ट असेल तर आत हवा जात नाही, पाणी येत नाही. झाकण थोडं सैल केलं की बारीक धार सुरू. हात ओले करा, झाकण पिळा, साबण चोळा, परत सैल करा, धुवा. एका बाटलीत पाच-सहा जणांचे हात निघतात, मग्ग्याने धुतले तर दोन जणांचेच. आता तुम्ही म्हणाल त्या झाकणाला सगळ्यांचे घाण हात लागणार, बरोबर, म्हणून साबण लावल्यावर त्याच फेसाळ हाताने झाकण पण चोळायचं. साबणाच्या वडीला भोक पाडून सुतळीने बाजूला टांगा, म्हणजे वाळूत पडत नाही आणि चोरीला जात नाही. साबण संपला तर चुलीची बारीक राख, आजी भांडी घासायची तीच.

सॅनिटायझर खिशात असू द्या पण त्याच्यावर विसंबू नका. मातीने माखलेल्या हातावर सॅनिटायझर म्हणजे चिखलाला अत्तर.

लंगरमध्ये ताटं, मेसटिन (फौजी जेवणाचे डबे) धुवायला ड्रम लावतात, एकात गरम साबणाचं पाणी, पुढच्यात लाल दवा (पोटॅशियम परमँगनेट) टाकलेलं, शेवटी साधं. पहिल्या ड्रमच्या आधी उरलेलं अन्न खड्ड्यात झटकायचं, नाहीतर वीस माणसांनंतर पहिला ड्रम म्हणजे पातळ आमटी, आणि तुम्ही आमटीत ताट धुताय.

पाणी

१९१७ ला बगदाद जिंकणारा ब्रिटिश जनरल मॉड, मेसोपोटेमियाच्या अख्ख्या फौजेचा सेनापती, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बगदादमध्येच कॉलऱ्याने मेला. एका कार्यक्रमात कॉफीत कच्चं दूध घेतलं होतं असं सांगतात. त्या फौजेत आपल्या मराठा पलटणी पण होत्या. सेनापतीला चुकत नाही तर आपण कोण?

पाणी दिसायला स्वच्छ आहे म्हणून पिऊ नये हे सगळ्यांना माहीत असतं, तहान लागेपर्यंत. गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून ठेवा, गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी दुपदरी फडक्यातून गाळा, मगच क्लोरीन. गढूळ पाण्यात गोळी टाकली तर ती गाळाशीच भांडत बसते, जंतूंपर्यंत पोचत नाही. स्वतःच्या बाटलीसाठी क्लोरीनची गोळी, पाकिटावर लिहिलंय तेवढ्या पाण्याला तेवढीच, आणि टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. तो अर्धा तास सगळे खातात. बाटलीचं झाकण थोडं सैल करून थोडं पाणी आट्यांवर पण जाऊ द्या, तोंड तिथंच लागतं. उकळायचं असेल तर खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर, दोन हजार मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं, कारण वर पाणी कमी तापमानालाच उकळतं.

टाकीसाठी ब्लीचिंग पावडर किती टाकायची हे अंदाजाने नाही. त्याला हॉरॉक्स टेस्ट आहे, हॉरॉक्स नावाच्या ब्रिटिश आर्मीच्याच डॉक्टरने काढलेली, आणि शंभर वर्षांनंतरही मेडिकल कॉलेजात शिकवतात. डब्यात सहा पांढरे कप असतात, एक काळा कप, छोटा चमचा आणि एक थेंबाची नळी. काळ्या कपात एक सपाट चमचा म्हणजे दोन ग्रॅम पावडर, थोडं पाणी घालून पेस्ट, मग खुणेपर्यंत पाणी, ढवळा, बसू द्या. सहा पांढऱ्या कपांत टाकीचं पाणी. मग काळ्या कपातलं वरचं निवळ पाणी पहिल्या कपात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहाव्यात सहा. ढवळा आणि अर्धा तास हात बांधून बसा. मग प्रत्येकात इंडिकेटरचे, म्हणजे क्लोरीन असेल तर निळं होणाऱ्या औषधाचे, तीन थेंब. पहिला कप तसाच. दुसरा तसाच. तिसरा निळा! म्हणजे तीन चमचे, सहा ग्रॅम, ४५५ लिटर पाण्याला. ४५५ का, तर जुने शंभर गॅलन. जो पहिला कप निळा होतो त्याचा नंबर म्हणजे तेवढे चमचे, एवढं साधं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा शाळेत सायन्स का आवडलं नाही याचं वाईट वाटलं. पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात ठेवा, उघडी राहिली की क्लोरीन उडून जातो आणि उरतो नुसता चुना.

आणि जुलाब लागलेच तर लपवू नका. सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी म्हणून डॉक्टरकडे जा, आणि तोपर्यंत एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, घोट घोट. चमचा चहाचा. ज्याला जुलाब लागलेत त्याने लंगरच्या कामाला हात लावायचा नाही, दोस्ती असली तरी. आमच्या कंपनीत एकदा एकाने "किरकोळ आहे" म्हणून कणीक मळली होती, पुढच्या चार दिवसांत डीटीएलसमोर राशनच्या दुकानासारखी लाइन.

आता अंघोळ, घे बाबा

दोन लिटर पाणी, एक मग, एक छोटा नॅपकिन. क्रम वरून खाली आणि स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे. तोंड, मान, कानामागे, मग काखा, मग जांघा, मग मागची बाजू, शेवटी पाय. नॅपकिन ओला करून साबण लावून पुसायचं, मग पिळून साध्या पाण्याने पुसायचं, उरलेलं पाणी पायांवर. पाठ, दंड, मांड्या यांना रोज साबणाची गरज नाही, वास काखेतून आणि जांघेतून येतो, त्या धुतल्या की अंघोळ झाली समजा. पाणी अजिबात नसेल तर त्याच जागा कोरड्या फडक्याने तरी पुसा आणि बनियन उलटं करून उन्हात टाका. टॉवेल एकमेकांचा वापरू नका. रेझर तर नाहीच नाही. दात रोज रात्री, सकाळी नाही जमलं तरी चालेल, कारण फील्डमध्ये दाढ दुखायला लागली की रात्रभर जागा राहायचास आणि डेंटिस्ट शंभर किलोमीटर लांब.

कपडे, उवा, खरूज

अंगावरची ऊ केसात राहत नाही, कपड्यांच्या शिवणीत राहते आणि जेवायला तेवढी अंगावर येते. टायफस उवांमुळे पसरतो हे शार्ल निकोलने १९०९ ला ट्युनिसमध्ये शोधून काढलं आणि १९२८ चं नोबेल मिळवलं, त्याच्या आधी त्या तापाने फौजाच्या फौजा संपल्या होत्या. उपाय घरगुतीच आहे. कपडे बदला, गरम पाण्यात धुवा, शिवणी उलट्या करून त्यावरून गरम इस्त्री फिरवा. इस्त्री नसेल तर ते कपडे आठ-दहा दिवस अंगाला लावू नका, रक्ताशिवाय ऊ आठवडाभरात मरते, पण अंडी उरतात म्हणून परत एकदा उकळायचे.

खरजेचं वेगळं. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला, रात्री पांघरुणात गेल्यावर खाज वाढली की समजा. इथं एकट्याने औषध लावून काहीच उपयोग नाही, एका तंबूतले सगळे, खाज असो नसो, एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत मलम, सकाळी धुवायचं, आठवड्याने परत. चादरी-कपडे उकळा, नाहीतर पिशवीत बांधून चार-पाच दिवस बाजूला ठेवा. महिन्याला एफएफआय असते, म्हणजे डॉक्टरसमोर उघडं उभं राहून तपासणी, पोरं तिची टिंगल करतात आणि खाज असली तरी "नाही साहेब" म्हणतात. अरे तुझं नाही, तुझ्या शेजारच्या चारपाईवाल्याचं तरी बघ!

डास

स्लिमचा आकडा वर दिला, त्यात मलेरियाचा वाटा मोठा होता. त्याने केलं काय, तर मेपाक्रिनच्या पिवळ्या गोळ्या सगळ्यांना रोज सक्तीच्या केल्या, अचानक तपासण्या लावल्या, आणि ज्या पलटणीत ९५ टक्क्यांपेक्षा कमी लोक गोळी घेताना सापडले तिथल्या कमांडिंग ऑफिसरला घरी पाठवलं. तिघांना पाठवल्यावर बाकीचे सुधारले. आपल्याला एवढंच करायचंय, सूर्य बुडाला की बाह्या खाली, पॅन्ट बुटात, उघड्या कातडीला डीएमपी तेल (डास पळवणारं), आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. भोक असेल तर शिवा, सुई-दोरा फौजीच्या बॅगेत असतोच. आणि झुडपात, उंच गवतात तंबू टाकायचा असेल तर आधी गवत कापा, जमिनीवर नुसतं पडू नका. स्क्रब टायफस तापाचे बारीक किडे तिथंच असतात. चावलेल्या जागी काळी खपली आणि ताप असं दिसलं तर डॉक्टरला ती खपली दाखवा, मग ती कुठंही असो.

उंचावर

सियाचिनसारख्या जागी, जिथं १९८४ पासून आपली माणसं बसलीत, अंघोळ विसराच. पाणी म्हणजे स्टोव्हवर वितळवलेला बर्फ, आणि मगभर पाण्यासाठी किती बर्फ आणि किती रॉकेल जातं ते बघितलं की तोंड धुवायची पण इच्छा मरते. तरी बनियन आणि मोजे बदलायचेच, घामाने ओलं कापड गोठलं तर तेच अंगाला चटका देतं. घाम येईल एवढे कपडे घालून काम करू नका, आधी एक थर काढा. हाता-पायाचं बोट पांढरं, बधिर पडलं तर बर्फाने चोळायचं नाही, शेकोटीवर धरायचं नाही. कोमट पाण्यात, ३७ ते ३९ अंश, आणि तेही तेव्हाच जेव्हा परत गोठणार नाही अशा जागी पोचलात. बुखारीच्या (बंकर गरम ठेवणाऱ्या शेगडीच्या) धुराची काजळी नाकात-घशात बसते, सकाळी थुंकी काळी येते, म्हणून झोपायच्या आधी बुखारी बंद आणि हवेची फट उघडी, हे स्वच्छतेत येत नाही पण सांगतो, कारण बंद बंकरमध्ये तो धूर माणूस झोपेतच नेतो.

२०२१ ला मिलिटरी पोलिसच्या ८३ मुलींची पहिली बॅच बाहेर पडली, तेव्हापासून आमच्या गावातल्या पोरी पण भरतीचं विचारतात. त्यांच्यासाठी माझ्यापेक्षा एखादी जाणती ताई चांगलं सांगेल, तरी एवढं, पॅड चार-सहा तासांनी बदला, महिना दीड महिन्याचा स्टॉक बरोबर न्या, वापरलेलं कागदात गुंडाळून खोल पुरा किंवा जाळा, डीटीएलमध्ये टाकू नका. आणि लघवी लागू नये म्हणून पाणी कमी पिणं हा मूर्खपणा पोरांनी पण करू नये.

कचऱ्याचं थोडक्यात

शिवरायांच्या काळची गडाची शिस्त रामचंद्रपंत अमात्यांनी लिहून ठेवलीय, केर गडाखाली भिरकवायचा नाही, जागोजागी जाळायचा आणि ती राख परसात घालून भाजी लावायची. आणि १६७३-७४ च्या सुमारास चिपळूणच्या छावणीला महाराजांचं जे पत्र गेलं त्यात काळजी काय, तर रात्री दिवा उघडा ठेवाल, उंदीर पेटती वात घेऊन जाईल, गवताला आग लागेल. राजा उंदरापर्यंत विचार करतो! आजही उंदीर बिस्किटाच्या पुड्यासाठीच बंकरमध्ये येतो आणि मागोमाग साप येतो. त्यामुळे खाऊ डब्यात, पिट्ठूत (पाठीवरच्या फौजी पिशवीत) मोकळा नको, आईने दिलेला चिवडा असला तरी.

भाच्याने एवढं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, मग पिट्ठूत भरू काय? तर वरच्या कप्प्यात पिशवीत बांधलेला झोपायचा मोज्यांचा जोड, त्याच्या खाली बाकीचे मोजे, फुट पावडर, नेलकटर, सुई-दोरा, टेप, क्लोरीनच्या गोळ्या, भोक पाडलेली रिकामी बाटली, दोन छोटे नॅपकिन, सुतळी बांधलेली साबणाची वडी, एकच. दुसरी वडी सुभेदार साहेबांना दे म्हटलं, त्यांची नेहमी हरवलेली असते.